सिस्टरबाईची दिवाळी

फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. चौथीची पोरं पाढे म्हणत होती आणि आमचा शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला. मी म्हटलं, "अहो बोला की, तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?" तर खाली बघत म्हणाला, "मॅडम, तुमच्या गावाहून फोन आहे." फोनवर प्रभाकर होता. गावातल्या आमच्या घराला लागून ज्यांचं किराणा दुकान आहे, त्या शेवंतामावशीचा मुलगा. "बेबीताई, सिस्टरबाई आज उठूनच नाई राह्यल्या. कुंपणाहून लय आवाज देल्ले. तुम्ही येऊन जा." मी विचारलं, "आत जाऊन बघितलंस का?" म्हणाला, "आत नाई गेलो, ताई... खिडकीतून पाह्यलं. निजून हायेत." एवढ्यावरच मला कळलं. माझी आई उन्हं वर येईपर्यंत अंथरुणात राहिलेली मी जन्मात पाहिली नव्हती. ताप असला तरी उठून अंगण झाडायची आणि मग तापाची गोळी घ्यायची.

सिंदी मेघेहून वर्ध्याचा स्टँड, तिथून हिंगणघाट, हिंगणघाटहून जाम आणि जामच्या चौकातून काळीपिवळी. हा प्रवास मी इतक्या वेळा केलाय की डोळे मिटूनही करता येईल. त्या दिवशी शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर वांग्याची पिशवी घेऊन. तिनं विचारलं, "कुठं चालल्या, बाई?" मी म्हटलं, "आईकडे." ती म्हणाली, "माय हाये तोवर माहेर, बाई." मी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं. कापूस फुटला होता, बाया ओटीत बोंडं वेचत होत्या, सगळं जगरहाटीप्रमाणे चाललं होतं. जामच्या चौकातली चिवड्याची दुकानंसुद्धा चालू होती. मला त्या दुकानांचा राग आला, खरंच सांगते.

घरासमोर माणसं होती. बरीच होती. रस्त्याच्या पलीकडे, प्रभाकरच्या दुकानाच्या पायरीवर, कुंपणाच्या कडेनं, सगळी उभी. आमचं मागचं दार कायम नुसतं लोटलेलं असतं हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. कोणीही ढकललं असतं तर उघडलं असतं. कोणीही ढकललं नव्हतं. मी ढकललं. आई कुशीवर होती, शाल खांद्यापर्यंत ओढलेली, चष्मा स्टुलावर घडी करून ठेवलेला. हात गार. सकाळपासून एवढी माणसं त्या घराकडे बघत उभी होती आणि आत पाऊल टाकणारी मी पहिली. तिच्या उशाशी बसून मी आधी रडले नाही. आधी मला संताप आला. या माणसांतल्या अर्ध्याअधिकांना जगातला पहिला हात लागला तो या बाईचा!

माझी आई सुवार्ताबाई. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. मिशनच्या शाळेत शिकली, नर्सिंग झालं, सरकारी नोकरी लागली आणि नेमणूक निघाली ती थेट समुद्रपूर तालुक्यात, जाम आणि गिरडच्या मधल्या आमच्या या गावच्या उपकेंद्रात. माझे वडील शाळामास्तर होते, ते मी लहान असतानाच गेले. परत नगरकडे जा, असं सगळे म्हणाले. आई म्हणाली, माझ्या इथल्या बाया अर्ध्यावर कशा टाकू? अर्ध्यावर म्हणजे पाचवा-सहावा महिना चालू असलेल्या. अशा बाया तिच्याकडे कायमच असायच्या, त्यामुळे तिची परत जायची वेळ काही आली नाही. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. चर्चला हिंगणघाटला जावं लागायचं. नगरची बोली हळूहळू गेली आणि वऱ्हाडी आली. "कशी हायेस वं, पोरी? जेवलीस का? काऊन एवढी वाळली?" असं ती रस्त्यानं जाताना कोणालाही विचारायची, आणि विचारून पुढं निघून जायची नाही, उत्तर ऐकायला थांबायची. तिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे मला शिक्षा वाटायची. मेथीची जुडी आणायला गेलो की दुपार व्हायची.

शेवंतामावशी तिची शेजारीण आणि जिवाभावाची मैत्रीण. मावशीची पहिली दोन बाळं पोटातच गेली होती. सासू टोचून बोलायची. तिसऱ्या वेळी आईनं तिला उन्हाळाभर जवळजवळ स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, स्वतःच्या हातानं खाऊ घातलं आणि प्रभाकर झाला. तेव्हापासून मावशीचा आमच्या स्वयंपाकघरात एक पाट ठरलेला. खिडकीखालचा. दुपारचं दुकान नवऱ्याच्या अंगावर टाकून ती येऊन बसायची आणि दोघी कशावरून तरी हसत राहायच्या. मावशी शिव्या फार छान द्यायची. आईला एकही देता यायची नाही, पण मावशीनं दिली की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. दिवाळीत मावशीकडून आमच्याकडे फराळ यायचा आणि नाताळात आमच्याकडून गावभर जायचा. करंज्या, अनारसे, शंकरपाळे आणि वाळूच्या पातेल्यात भाजलेला केक. विणलेल्या रुमालाखाली झाकलेली ताटं घेऊन मी घरोघर हिंडायचे आणि पोरं ओरडायची, "सिस्टरबाईची दिवाळी आली!" नाताळ हा शब्द आमच्या गावात कोणी वापरतच नव्हतं. करंज्या भरायला मावशी आदल्या दिवसापासून आमच्याकडे. "तुह्या देवाचा वाढदिवस अन् कंबर माही मोडते," म्हणायची आणि एकीकडे भराभर कातणं फिरवायची.

हे मोडलं ते रबरी हातमोज्यांपायी. आता कोणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा उपकेंद्रावर हातमोजे मोजकेच यायचे आणि एकदा वापरून फेकून द्यायची चैन नव्हती. आई ते उकळायची, साबणानं धुवायची, दोरीवर वाळत घालायची आणि मग पावडर लावून घड्या करायची. उपकेंद्रात जागा नसायची म्हणून ते आमच्या अंगणातल्या दोरीवर, मावशीच्या कुंपणाला लागून, माझ्या फ्रॉकांच्या शेजारी लटकायचे. वर्षानुवर्षं लटकले. कोणाला काही वाटलं नाही. प्रभाकर लहान असताना त्यात हवा भरून गाईचं आचळ म्हणून खेळायचा. हातमोजे दोरीवर दिसले की गावात कळायचं, कोणाकडे तरी बाळ झालं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या काळात मी वर्ध्याला डी.एड. करत होते. एका रविवारी घरी आले तर आई घरात नव्हती. जामकडच्या एका ढाब्यावर गेली होती. तिथं मागच्या बाजूला, टायरांच्या ढिगाजवळ, खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर पडून होता. त्याचा जोडीदार त्याला तिथं उतरवून ट्रक घेऊन निघून गेला होता. माणूस दक्षिणेकडचा. त्याची भाषा कोणाला येईना. अंगाची नुसती काडी झालेली. ढाब्यावरची माणसं लांबूनच त्याच्याकडे पाण्याची बाटली सरकवायची. एड्स हा शब्द तेव्हा आमच्याकडे भिंतीवरच्या जाहिरातीतून नुकताच आला होता आणि त्या जाहिरातींनी माणसांना शहाणं करण्याऐवजी भेदरवूनच सोडलं होतं. आई रोज जायची. पेज भरवायची, अंग पुसायची. दवाखान्यात हलवायची खटपटही तिनं केली, पण गाडीवाला मिळेना, आणि मिळाला तोवर तो माणूस गेला. मग पोलीस आले, सरपंच आले, सगळे नाकाला रुमाल लावून उभे. तसाच गुंडाळून न्यायचा म्हणाले. आई म्हणाली, थांबा. तिनं पाणी तापवायला लावलं. तिथला एकजण म्हणाला, "मेल्याले काय समजते गरम अन् थंड, सिस्टरबाई?" आई म्हणाली, "त्याले नाई समजत. मले समजते ना." हातमोजे घालून तिनं त्याला न्हाऊ घातलं, अंग कोरडं केलं, माझ्या वडिलांचा जुना सदरा घातला आणि भांग पाडला. घरी आल्यावर मला म्हणाली, "बेबी, त्याच्या कपाळावर लहानपणीची खोक होती गं. कोणीतरी हळद भरली असेल तिथं." एवढंच. मग हातमोजे उकळले, धुतले आणि रोजच्या दोरीवर वाळत घातले.

चूक म्हणायची तर हीच. उपकेंद्राच्या मागं वाळत घातले असते, घरात घातले असते, जाळून टाकले असते तरी चाललं असतं. पण तिच्या मनातच आलं नाही. नर्सच्या दृष्टीनं उकळलेली वस्तू स्वच्छ, विषय संपला. गावाच्या दृष्टीनं ते त्या ड्रायव्हरचे हातमोजे होते. वारा सुटला की बोटं हलायची, आणि हलताना मावशीच्या कुंपणाकडे हलायची. दुसऱ्या दिवशी मावशीच्या सासूनं कुंपणाला जुन्या गोधड्या बांधल्या. आठवड्याभरात लोकांनी आमच्याकडचं पाणी पिणं बंद केलं. आई समजावून सांगायची. असं पसरत नाही, तसं पसरत नाही, हात लावून नाही, पाण्यातून नाही. लोक ऐकून घ्यायचे, "हो जी, हो जी" म्हणायचे आणि पोरांना पदराखाली ओढायचे. बाळंतपणाचे निरोप यायचे थांबले. गोधड्या बांधल्या त्या दुपारी मावशी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. आईनं खिडकीखालचा पाट पुसून ठेवला. मग रोजच पुसायला लागली.

त्यानंतर असे आजारी आणखी निघाले, आपल्याच गावांतले. नवऱ्यांनी आणलेला रोग घरात अंगावर घेतलेल्या बाया. त्यांच्याकडे जाणारी एकटी आई. जितकं जायची तितकं आमचं घर गावापासून लांब व्हायचं. मी चिडायचे. मी म्हणायचे, तुला काय पडलंय गं एवढं? ती म्हणायची, "मला पडलंय म्हणूनच तर जाते."

त्या वर्षीचा नाताळ आला. मला वाटलं यंदा ही बाई काही करायची नाही. कशाचं काय! नेहमीसारख्या करंज्या केल्या, एकटीनं. ताटं भरली. लोकांनी दारातच घेतली, गोड बोलून. मावशीकडे आई स्वतः गेली. मावशीनं ताट घेतलं, खाली बघत म्हणाली, "ठेवून जा वं, मंग पाठवतो ताट." आईला वाटलं, चला, घेतलं तरी. दोन दिवसांनी मावशीच्या गोठ्याकडच्या वाटेनं येताना आईला गव्हाणीत आपल्या करंज्या दिसल्या. कडबाकुट्टीवर तशाच पडलेल्या, कातणाच्या नक्षीसकट. गाय खात होती. आईनं घरी येऊन मला सांगितलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता जाऊन विचारते." आईनं माझा हात धरला. म्हणाली, "गाय फार चोखंदळ आहे त्यांची, बेबी. ती खाते म्हणजे करंज्या चांगल्याच झाल्यात." पुढच्या वर्षी तिनं नारळ जास्त आणला. मी विचारलं एवढा कशाला, तर म्हणाली, "गाईचा वाटा नको का धरायला?" हे ती विनोदानं बोलत होती हे मला कळत होतं. तिच्या डोळ्यांकडे बघितलं की मात्र मला हसायला येईना.

आता जे सांगायचं ते लिहिताना हात जड होतो. प्रभाकरचं लग्न झालं, मंदा सून आली, तिला दिवस गेले. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. दुपारची वेळ. कुंपणापलीकडून मंदाचं कण्हणं ऐकू येऊ लागलं. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. ती नुसतं ऐकत होती. कळा किती वेळानं येतायत ते ती आवाजावरूनच जोखत असणार. मग उठली, हात धुतले, पिशवी घेतली आणि कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. "शेवंते," तिनं हाक मारली, "मी येऊ का?" मग आणखी मोठ्यानं, "शेवंते, वेळ नाई वं. पोरगी अवघडून राह्यली." मावशी दारात आली. दोघींची नजरानजर झालेली मी पाहिली. मावशीच्या ओठावर काहीतरी आलं होतं, मी शपथेवर सांगते. मागून सासूचा आवाज आला, "हात नाई लावू द्यायचा तिले!" आणि मावशीनं तोंड फिरवलं. हिंगणघाटला न्यायला जीप आली. मंदाला उचलून आत घातलं. आई कुंपणापाशीच. जीप वळली तशी धूळ उडाली आणि ती धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच होती. रस्त्यातच मंदा बाळंत झाली. मुलगा होता. नाळ गळ्याभोवती बसलेली, आणि सोडवणारं गाडीत कोणी नव्हतं. आईनं अशा नाळा बोटाच्या एका हिसक्यात किती सोडवल्या असतील, देवच जाणे. बातमी आली तेव्हा ती माजघरात जमिनीवर बसली आणि मांडीवर हात उलटे करून त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही. जेवलीही नाही. संध्याकाळी भेटायला निघाली तर मावशीच्या ओसरीवरच्या बायांनी हातानंच परत जायला सांगितलं.

मला वाटलं आता तरी हिचं मन फाटेल. छे! मावशीचं घर आता दुहेरी बंद झालं एवढंच. आधी भीती होती, आता लाज आली. पुढं प्रभाकरला दवाखान्यात दोन मुली झाल्या, सासू वारली, मावशीचा नवरा गेला, कुंपणावरच्या गोधड्या कुजून गळून पडल्या. लोकांना रोगाचं थोडंफार कळू लागलं, काहीजण आमच्याकडे पुन्हा यायलाही लागले. मावशी नाही. आई निवृत्त झाली. मी म्हटलं, आता सिंदी मेघेला माझ्याकडे ये, वरचा मजला बांधलाय, चर्च जवळ आहे, दवाखाना जवळ आहे. एकटी कशासाठी राहतेस त्या उकिरड्यावर? असं बोलले मी, रागानं. ती म्हणाली, "आणि शेवंता आली तर?" मी म्हटलं, "अगं, आता कशाची येतेय ती!" तिनं पाट पुसायचं फडकं पिळलं आणि म्हणाली, "मी काही मोठं मागत नाही, बेबी. तिनं एकदा येऊन इथं बसावं. मला तिला सांगायचंय की पोराचं मी मनात धरलेलं नाही. ते तिला कोणी दुसऱ्यानं सांगून उपयोग नाही." तिच्या रोजच्या प्रार्थनेत सगळ्यांत शेवटी एकच नाव यायचं. आमच्यात मनापासून मागितलेलं वाया जात नाही असं म्हणतात. मी लहानपणापासून ऐकत आलेय. आईला काय मिळालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिला निरोप द्यायला हिंगणघाटच्या चर्चची मंडळी टेम्पोनं आली. त्यांच्यातल्या बायकांनी आणि मी मिळून तिला न्हाऊ घातलं, पांढरी साडी नेसवली. पाळकसाहेब चांगलं बोलले. त्या आता विश्रांतीत आहेत, म्हणाले. असतील. मला मात्र तिच्या शवपेटीकडे बघताना फक्त तिचे हात दिसत होते, एकावर एक ठेवलेले, इतके रिकामे की मला बघवेना. पेटी उचलली तेव्हा गावातली माणसं रस्त्यानं बरोबर चालली. खोटं का सांगू, बरीच चालली. काही रडलीही. मावशी आपल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती, पदराचा बोळा तोंडात. पेटी तिच्या दारासमोरून गेली. ती पायरी उतरली नाही.

नाताळ त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी होता. सण करायचा प्रश्नच नव्हता. मी त्या दिवशी सकाळची प्रार्थना झाल्यावर गावी गेले ते घर आवरायला. तांदळाचे डबे, औषधांचं खोकं, तिच्या साड्या. स्वयंपाकघरात ओटा पुसत होते आणि मागच्या दारात सावली पडली. बघते तर शेवंतामावशी. केवढी म्हातारी झालीय! हातात झाकलेलं ताट. उंबऱ्यापाशी थांबली, म्हणाली, "बेबी, येऊ का वं आत?" मी म्हटलं, "या." ती उंबरा ओलांडून आत आली, खिडकीखाली गेली आणि तिच्या पाटावर बसली. कोणी न सांगता. ताट पुढं सरकवलं. "पयला सन हाये. मानूस गेला तं गमीच्या घरी तळन करत नाई. म्हनून आनल्या." करंज्या होत्या.

इतकी वर्षं आईनं जे मागितलं ते माझ्यासमोर बसलं होतं, आणि मागणारी मातीत होती. काही आठवडे आधी आली असती तर? फक्त काही आठवडे, मावशी! हे मी मोठ्यानं म्हटलं नाही. मी चहा ठेवला. आलं ठेचून घातलं, दूध जास्त घातलं, कप तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागली. "तुही माय कुंपनापाशी उभी होती. मंदा आत वरडून राह्यली होती अन् तुही माय थैली घेऊन उभी. म्या पाह्यलं तिच्याकडं. पाह्यलं अन् तोंड फिरवलं... सासूचं नाव सांगून काय फायदा? तोंड तं माहंच होतं ना. माहा नातू म्याच मारला, बेबी. मंग मी कोन्या तोंडानं येऊ तिच्या दारी? रोज वाटे जावं. रोज पायरीपर्यंत ये अन् वापस जाय." ती रडत होती.

आई काय म्हणाली होती ते मी तिला सांगितलं. मनात धरलेलं नाही, असं म्हणायची, म्हटलं. मावशीनं डोळे पुसले, मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. दुसऱ्यानं सांगून उपयोग नाही हे आईला बरोबर कळलं होतं. मग मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली, कप पाटाशेजारी ठेवला. "येतो वं, बेबी. दुकानात कोनी नाई." आणि गेली.

मी कप उचलायला वाकले. काठोकाठ भरलेला होता, वर साय धरलेली. तिनं ओठसुद्धा लावला नव्हता. जुनी भीती, सवय, की लाज... कोणाला विचारू? आई असती तर म्हणाली असती, "कप हातात तर धरला ना तिनं!" आणि तेवढ्यावर आणखी दहा वर्षं काढली असती. मी आई नाही. मी तो चहा मोरीत ओतला, कप घासला, खिडक्या लावल्या आणि मागच्या दाराला, जे माझ्या आठवणीत कधीच बंद नव्हतं, कुलूप घातलं.